थरथर गाळणारं पेन

पुण्याची माणसं चंद्रपूर-गडचिरोलीकडे जातात ती वाघ बघायला. मी गेले पेन बघायला. शेजारणीला हे सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की आता सगळं नीट लिहूनच काढावं असं ठरवलं.

टॅबवर लिहायच्या डिजिटल पेनांची एक रडकथा आहे. ज्या कंपनीचा टॅब, तिचंच पेन त्यावर चालतं. दुसरीचं टेकवलं तर पडदा ढिम्म. पूर्वी कोणाच्याही दौतीत कोणाचाही टाक बुडायचा, त्यानंतर आपण एवढी प्रगती केली. ही प्रगती जरा आवरावी आणि कुठलंही पेन कुठल्याही पडद्यावर चालेल असं मानक ठरवावं, म्हणून पुण्यात एक समिती बसली आहे. ती बरीच वर्षं बसलेलीच आहे. मी तिची सभासद नाही. सभासद जे बोलतात ते माणसांना कळेल अशा मराठीत लिहून काढायचं, एवढंच माझं काम. त्यात माझे केस पांढरे झाले.

समितीने अखेर स्वतःचं एक नमुन्याचं पेन तयार करवून घेतलं, आणि ते 'प्रत्यक्ष क्षेत्रात' तपासायचं ठरलं. समितीच्या भाषेत क्षेत्र म्हणजे जिथे सभासद स्वतः जाणार नाहीत अशी जागा. पण सोहोनी साहेब निघाले. ते समितीतले मुख्य अभियंता. त्या पेनात हाताची थरथर गाळून रेघ स्वच्छ करणारी एक चाळणी आहे, ती त्यांची. तिच्याबद्दल ते ज्या कौतुकाने बोलतात, तितक्या कौतुकाने लोक नातवंडांबद्दलही बोलत नाहीत. तर ते, मी आणि मखमली पेटीतलं एक पेन असे आम्ही मार्च महिन्यात निघालो.

ब्रह्मपुरी

ब्रह्मपुरीला आम्हाला घ्यायला विलास रामटेके आला होता. सरकारी खात्यांच्या माणसांना टॅब वापरायला शिकवणारा हा तिथला प्रशिक्षक. त्याने आमच्या बॅगा जीपमध्ये टाकल्या आणि दोन टॅब दाखवले, एक हिरव्या कव्हरचा, एक निळ्या. दोन खात्यांनी दोन कंपन्यांकडून घेतलेले. खात्यांची नावं मी लिहीत नाही, कारण दोघांनाही माझ्या घरचा पत्ता ठाऊक आहे. दोन्ही टॅबना त्याने आपापली पेनं सुतळीने बांधून ठेवली होती, बँकेतल्या पेनासारखी.

"सुतळी काऊन बांधली, विचारा," विलास म्हणाला. "हिरव्याचं पेन निळ्याले लावलं का चालत नाई. मंग माणूस जोरात दाबते. दाबून दाबून दोन पडदे फुटले, मॅडम."

सोहोनी साहेबांनी हे 'अतिरिक्त दाबाचे प्रकरण' म्हणून टिपून घेतलं.

जेवायला विलासच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि घरभर पुस्तकं. ताटात भात, वांग्याची भाजी, आणि वर ज्याला आम्ही कोथिंबीर म्हणतो आणि हे लोक सांभार म्हणतात ते मुक्तहस्ताने पेरलेलं. पुण्यात आम्ही वाढतो त्याला भात म्हणायचं की नमुना, असा प्रश्न ते ताट पाहून मला पडला. विलासचे वडील निवृत्त शिक्षक. आयुष्यभर फळ्यावर सुंदर अक्षर काढलं, आता हात थरथरतो. सोहोनी साहेबांना हे कळल्यावर त्यांच्या डोळ्यांत चमक आली. त्यांनी जेवतानाच पेन काढलं आणि गुरुजींना सही करायला लावली.

सही आली ती एकदम ठसठशीत, कुठे एक कंप नाही. विलासच्या आईने पदराने डोळे टिपले. "यायचा तरणेपणचा हात परत आला," त्या म्हणाल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, ते पाहणं मी बराच वेळ टाळलं.

गुरुजींनी मात्र चष्मा वर करून सही पाहिली, खाली करून पाहिली आणि पेन परत दिलं. "साहेब, बँकेत माह्यी आता थरथरतीच सही आहे. हे दाखवली त म्हणतीन, गुरुजी नोहे, कोणी दुसराच आहे."

सगळे हसलो. साहेबही हसले, पण जरा उशिरा.

मुलचेरा

मुलचेऱ्याच्या आसपास बंगाली गावं आहेत. फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या लोकांना सरकारने इथे वसवलं, त्यांची आता तिसरी-चौथी पिढी. जीप थांबली आणि तळ्याकाठची केळी, घराघरापुढे तुळस आणि शंखाचा आवाज पाहून-ऐकून मला वाटलं, विलास रस्ता चुकला. तिथल्या शाळेत मुख्याध्यापक बिस्वासबाबूंनी आमची चाचणी ठेवली होती. मुलांनी पेनाने मराठीत लिहिलं, बंगालीत लिहिलं, एकाने बैल काढला. दोन्ही टॅबवर सगळं तस्संच उमटलं. बैलही. साहेबांनी त्या दोन सारख्या बैलांचा फोटो काढून समितीला पाठवला. समितीकडून अंगठा आला.

घोळ झाला तो जेवताना. बिस्वासबाबूंच्या पत्नीने मोहरीच्या तेलात मासळी केली होती. मी घरी मोहरी फोडणीपुरती वापरते, तेलाचा एवढा ठसका मला नवीन. नाकातून पाणी आलं तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतली. उठताना लक्षात आलं, की पेटी रिकामी आहे. शोधाशोध सुरू झाली. साहेबांनी जीप खाली करवली, शाळा उघडायला लावली, बिस्वासबाबूंच्या कोंबड्यांकडेही संशयाने पाहिलं. शेवटी बाई विळी हातात घेऊन स्वयंपाकघरातून हसत बाहेर आल्या. या पेनाला टॅबच्या कडेला चिकटून राहावं म्हणून लोहचुंबक बसवलेलं आहे. कोणीतरी ते स्वयंपाकघराच्या चौकटीशी ठेवलं आणि ते आपल्या धर्माला जागून मासे चिरायच्या विळीच्या पात्याला जाऊन चिकटलं. मासे चिरून झाले तरी चिकटून होतं.

साहेबांनी ते पुसलं, धुतलं, अत्तर लावलं. वास हटला नाही. पुढचा सगळा प्रवास मखमली पेटीतून मासळीचा वास येत राहिला आणि जीपच्या काचा उघड्या ठेवाव्या लागल्या.

वाटेत विलासने खरं कारण सांगितलं, ज्यासाठी त्याने आम्हाला भामरागडपर्यंत ओढलं होतं. तिथल्या एका गावाने आपल्या जंगलाच्या हक्कासाठी दावा केलेला आहे. गेल्या वर्षी हिरव्या खात्याचा माणूस आला आणि हिरव्या टॅबवर गावाची हद्द आखून गेला. मग निळ्या खात्याचा आला, त्याने निळ्यावर आखली. हिरव्याच्या पेनाची शाई टोकाच्या जरा बाजूला उमटते, निळ्याची बरोबर टोकाखाली. पडद्यावर दोन रेघांमध्ये नखाएवढी फट राहिली. जमिनीवर त्या फटीत मोहाची झाडं आहेत, आणि गावाने आपल्या मेलेल्या माणसांसाठी उभे केलेले दगड आहेत. निळा टॅब म्हणतो ते गावाचे, हिरवा म्हणतो नाहीत. दोन नकाशे जुळत नाहीत म्हणून दावा अडकला आहे.

"आन रेघेच्या बाहेर रस्त्यासाठी मुरूम खणून राह्यले, मॅडम," विलास म्हणाला. "मशीन नाल्यापर्यंत आली. फटीचं भांडण मिटत नाई म्हणून थांबली. तुमचं पेन दोनी टॅबवर एकच रेघ काढते न? मंग काढून द्या ना एकदाची."

साहेब ताठ बसले. समितीत त्यांना आजवर कोणी काही काढून द्या म्हटलं नव्हतं.

भामरागड

भामरागडला तीन नद्या मिळतात. पावसाळ्यात त्या मिळून रस्ताही घेऊन जातात आणि गावं आपापल्या बाजूला राहतात. आम्ही गेलो तेव्हा पात्रात वाळू जास्त आणि पाणी घोट्याइतकं होतं. सगळीकडे मोहाच्या फुलांचा गोड, जडसा वास. गावात पोचलो तर चिटपाखरू नाही, सगळे फुलं वेचायला गेलेले. पुण्यात बैठकीला कोणी आलं नाही तर कोरम नाही म्हणून चहा पिऊन घरी जातात. इथे आम्हाला कोणी सांगितलं नाही, पण कळलं, की वेचून झालं की येतील. आले. पाट्या उतरवल्या, हातपाय धुतले आणि झाडाखाली बसले. आम्हाला आंबील मिळाली आणि पानावर लाल मुंग्यांची चटणी. साहेबांनी ती लिंबाची समजून बोटभर चाटली. चांगली लागली. कशाची ते मी त्यांना नदी परत ओलांडल्यावर सांगितलं.

ग्रामसभेच्या अध्यक्ष पाली पुंगाटी नावाच्या बाई होत्या. चाळिशीच्या, आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकलेल्या, बोलण्यापेक्षा ऐकणाऱ्या. साहेबांनी मानकावर भाषण केलं, विलासने त्याचं गावाच्या माडिया बोलीत दोन वाक्यांत भाषांतर केलं. एका म्हाताऱ्याने पेन हातात घेऊन हुंगलं आणि काहीतरी म्हटलं. सगळे मान डोलवून हसले.

"लालसूदादा म्हणते, मासळीचा वास आहे, म्हणजे पेन कामाचं आहे," विलासने सांगितलं.

मग पालीबाईंनी पेन धरलं. आणि लालसूदादांनी त्यांचं मनगट धरलं. लालसूदादांच्या खांद्याला एका बाईने हात लावला, तिच्या कोपराला तिच्या जावेने, असं करत झाडाखालची सगळी माणसं एकमेकांना धरून उभी राहिली.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले. "एका वेळी एकच वापरकर्ता. मानकात स्पष्ट आहे."

"सर, इथी हद्दीची रेघ अशीच काढते," विलास म्हणाला. "मातीत काढली तरी अशीच. एकट्यानं काढली त ते एकट्याची होते. गेल्या वर्षी दोनी खात्याच्या माणसायनं एकट्यानंच काढली, म्हणून गावानं ते दोनी रेघा मानल्याच नाई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मानकाची मराठी प्रत मीच लिहिली असल्याने त्यांना वाटलं मी काहीतरी म्हणेन. मी आंबील पीत होते.

रेघ निघाली. पडद्यावरच्या नकाशात डोंगराच्या सोंडेवरून, बांबूच्या बेटाला वळसा घालून, नाल्याकडे. एवढ्या हातांनी धरलेलं पेन थरथरणारच, पण पडद्यावर रेघ झरझर, सुरेख येत होती. मग तीच निळ्यावर काढली. विलासने दोन्ही टॅब शेजारी ठेवले. दोन्ही रेघा केसाइतक्याही वेगळ्या नव्हत्या. साहेबांचा आनंद मावेना. त्यांनी विलासला मिठी मारली, मलाही मारतील की काय अशी भीती वाटली. फट मिटली होती. इतक्या वर्षांच्या बैठका, चहा, बिस्किटं सगळं सार्थकी लागलं असं मलाही क्षणभर वाटून गेलं, हे कबूल करायला हवं.

पालीबाई टॅबवर वाकून बघत होत्या. "दगड कुठी गेले?" त्यांनी विचारलं.

नाल्याजवळ त्यांनी दगडांच्या बाहेरून एक बाक काढला होता. सगळ्या रांगेने तो काढताना आम्ही पाहिला होता. पडद्यावर बाक नव्हता. रेघ तिथून नाकासमोर सरळ गेली होती आणि दगड, मोह, सगळं बाहेर पडलं होतं. दोन्ही टॅबवर, अगदी सारखं.

पुन्हा काढली. पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा अगदी सावकाश काढली, तर आणखीच सरळ. साहेबांचा चेहरा उतरला, कारण त्यांना कारण कळलं होतं. चाळणी आपलं काम चोख करत होती. हात फार थरथरला की ती समजते, वाकडं झालं ते चुकून झालं. ती ते पुसते आणि माणसाला काढायची असणार अशी सरळ रेघ स्वतः काढून देते. आणि दगडांपाशी आल्यावर त्या रांगेतले हात सगळ्यात जास्त थरथरत होते.

मला संताप आला. आधी दोन टॅब भांडत होते तेव्हा निदान एक तरी खरं बोलत होता. आम्ही पुण्याहून येऊन दोघांनाही एकच खोटं बोलायला शिकवलं होतं.

"तुम्ही एकट्याच काढा ना," साहेब पालीबाईंना म्हणाले, जवळजवळ विनवणीच्या सुरात. "हात सोडा सगळ्यांनी. एकटीचा हात थरथरणार नाही, बाक राहील."

"एकटीनं काढू? मंग मी चोर होते," पालीबाई म्हणाल्या.

त्यांनी मनगट सोडवून घेतलं नाही, आवाज चढवला नाही. पडद्यावर 'मान्य' आणि 'पुन्हा प्रयत्न करा' अशी दोन बटणं होती. 'अमान्य' नव्हतं. ती पाटी मीच लिहिली होती, समितीला अमान्य शब्द नकारात्मक वाटला होता. पालीबाईंनी दोन्हीला हात लावला नाही. टॅब तसाच ठेवला आणि साहेबांना म्हणाल्या, "चला, भाऊ. पाहून घ्या."

सगळे नाल्याकडे गेलो. साहेब बुटांत, बाकी सगळे अनवाणी. दगड माणसाएवढे, काही त्याहून उंच, काही कलते. मोहाची फुलं त्यांच्या पायाशी पडलेली, ती मात्र कोणी वेचलेली नव्हती. नाल्याच्या पलीकडे खणलेला मुरूम आणि एक पिवळं मशीन उभं होतं, त्याच्या सावलीत त्याचा चालक झोपला होता. एका नव्या दगडापाशी पालीबाई थांबल्या.

"माही माय," त्या म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. "इथी आलं का सगळ्याईचा हात कापते, भाऊ. कापणारच. तुमचं पेन तेवढंच काढून टाकते. मंग आमचं ठेवते काय?"

साहेबांनी वाकून बूट काढले. एरवी ते कुठल्याही प्रश्नाला 'त्यावर काम चालू आहे' असं म्हणतात.

झाडाखाली परत आल्यावर साहेब टॅब घेऊन बाजूला बसले. चाळणी बंद करायची एक आडवाट त्यांनी पेन बनवताना स्वतःसाठी ठेवली होती, ती फक्त त्यांनाच माहीत. त्यांनी ती शोधली. पडद्यावर आलं, 'हे पेन आता मानकानुसार नाही. पुढे जायचे?' माझंच वाक्य. चाळणीशिवाय पेन म्हणजे चाचणीत नापास, आणि त्यांची सगळी कमाई पाण्यात. त्यांचं बोट बटणावर बराच वेळ नुसतंच राहिलं. मग त्यांनी दाबलं.

पालीबाईंनी पेन घेतलं, लालसूदादांनी मनगट धरलं, रांग जुळली. पण पेन हलेना. लालसूदादा साहेबांकडे बघत होते.

"सर, तुमी दगडापर्यंत चालत गेले ना," विलास म्हणाला. "मंग तुमचाही हात लागते."

साहेब उठले आणि रांगेत शेवटच्या बाईच्या खांद्याला हळूच दोन बोटं टेकवून उभे राहिले. रेघ निघाली. कापरी, अडखळती, शाळेत काढली असती तर पट्टीने मार खाल्ला असता अशी. नाल्यापाशी ती दगडांच्या बाहेरून बाक घेऊन पुढे गेली. मग निळ्यावर. दोन्हीकडे तोच कंप, तोच बाक. पालीबाईंनी 'मान्य' दाबलं आणि पाटी उचलून मोह वाळत घालायला गेल्या. आभार वगैरे काही मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं.

पुणे

समितीची बैठक झाली. पेन आम्ही विलासकडेच ठेवून आलो होतो, इथे ते नापास झालं. दावा पुढे सरकला, हे विलासने कळवलं होतं, पण तो विषय पत्रिकेवर नव्हता. सोहोनी साहेबांनी चाळणी का बंद केली ते सांगितलं. चांगलं सांगितलं, दगडही सांगितले. सभासदांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांचे मनापासून आभार मानले. कारण त्यांच्यामुळे एक गंभीर त्रुटी उघडकीस आली होती, की ही चाळणी कोणालाही बंद करता येते. यापुढच्या पेनांत ती बंद करता येणार नाही, असा ठराव एकमताने झाला. ते कलम सोप्या मराठीत लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. बिस्किटं चांगली होती.

मी ते कलम समोर घेऊन बसले असताना विलासचा फोन आला. साहेब तिथेच होते, त्यांनाही ऐकू जावा म्हणून मी आवाज मोठा केला.

"मॅडम, पलीकडच्या गावाचीही हद्द आखायची आहे. त्यायचेही दगड आहेत. नवीन पेन कवा येते?"

"येईल," मी म्हटलं. "जुनं कुठंय?"

"आपल्याच पाशी. परत पाठवा म्हणून तुमच्या हापिसातून दोनदा फोन आला. उद्या टाकतो पार्सलले."

मी साहेबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"विलास, नीट शोध," मी म्हटलं. "हरवलं असेल."

"नाई हो मॅडम, समोरच आहे. आजूनही मासळीचाच..."

साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "रामटेके," ते म्हणाले, "बाई म्हणतात ते बरोबर आहे. हरवलंय ते. तसं लेखी इथूनच जाईल, खाली सही मी करतो."

फोन ठेवून त्यांनी स्वतःचं साधं शाईचं पेन काढलं आणि कोऱ्या कागदावर सही करून, वरचा मजकूर लिहायला तो माझ्यासमोर सरकवला. हात चांगलाच थरथरला होता.